डिव्हएमएमसी किट: जुन्या स्पेक्ट्रमला एसडी कार्ड, घरी सोल्डर करून

किट घ्या, रेडीमेड घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, का ते खाली लिहिलंय.

माझ्याकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे, म्हणजे सिंक्लेअर ह्या इंग्लिश कंपनीच्या स्पेक्ट्रम प्लस ह्या घरगुती कॉम्प्युटरचं आपल्याकडे विकलं गेलेलं रूप, पुण्याच्या डेसिबेल्सचं. मी आठवीत असताना बाबांनी आणला आणि पोर्टेबल ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडून दिला, सोबत टेपरेकॉर्डर. मूळ स्पेक्ट्रम इंग्लंडमध्ये १९८२ ला आला, झेड८०ए प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झ, ४८ के रॅम, आणि ह्यात प्रोग्राम भरायचा तर कॅसेट लावून पाचेक मिनिटं ती किर्र किर्र ऐकत बसायचं, शेवटच्या सेकंदाला "टेप लोडिंग एरर" आली की परत पहिल्यापासून. मशीन अजून चालतंय पण कॅसेटी एकेक करून जायला लागल्या म्हणून हे किट मागवलं.

डिव्हएमएमसी म्हणजे स्पेक्ट्रमच्या मागे खोचायचं एक छोटं बोर्ड, त्यात एसडी कार्ड बसतं आणि त्यावरचे गेम, प्रोग्राम डोळे मिटून उघडेपर्यंत लोड होतात. बरेच छोटे विक्रेते आपापलं बोर्ड बनवून विकतात, मी परदेशातल्या एका छोट्या विक्रेत्याकडून घेतलं. शिपिंग आणि कस्टम धरून घरपोच साडेपाच हजारांच्या आसपास पडलं. आलं ते व्यवस्थित, आयसी, म्हणजे चिपा, सगळे काळ्या फोममध्ये खोचलेले, पिना सरळ, पीसीबीची, म्हणजे कोऱ्या सर्किट बोर्डाची, क्वालिटी खरंच चांगली आहे, सोल्डर लगेच धरतं.

आत काय आहे: झायलिंक्सची एक्ससी९५७२एक्सएल ही सीपीएलडी (हवं ते लॉजिक भरता येणारी चिप), ती आधीच प्रोग्राम केलेली, एक ईईप्रॉम (वीज गेली तरी न पुसणारी मेमरी, त्यातही फर्मवेअर भरलेलं), एक रॅम, ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, दोन बटणं, जॉयस्टिकचं नऊ पिनी कनेक्टर, कपॅसिटर-रेझिस्टरची पुडी आणि तो मागचा लांबडा एज कनेक्टर. एसडीचं सॉकेट एवढंच त्यांनी लावून दिलंय, त्याच्या पिना बारीक असतात त्यामुळे ते बरंच झालं. सीपीएलडीला चौकोनी ४४ पिनी आयसी बेस दिलाय, म्हणजे कुठेही बारीक सोल्डरिंग नाही, साधं २५ वॉटचं आयर्न पुरतं. ह्यासाठी विक्रेत्याला पूर्ण मार्क.

मॅन्युअलला मात्र मार्क नाहीत. एक फोटो आणि पार्टची यादी, बास. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा सोल्डर हातात घेतलंय त्याने ह्यावर हे बोर्ड उभं करावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता एज कनेक्टर, कारण इथेच मशीन मरू शकतं. स्पेक्ट्रमच्या मागे पीसीबीचीच कड बाहेर आलेली असते, वर २८ आणि खाली २८ जागा, आणि पाचव्या जागी खाच. ती खाच शोभेची नाही. खालच्या बाजूला खाचेच्या अलीकडेच ५ व्होल्ट आणि ९ व्होल्ट शेजारी शेजारी आहेत, कनेक्टर एक घर सरकून बसला तर सगळ्या ५ व्होल्टवाल्या चिपांना सरळ ९ व्होल्ट जातात. म्हणून कनेक्टरमध्ये पाचव्या जागी प्लास्टिकची एक पट्टी हवी, जी खाचेत बसेल आणि सरकू देणार नाही. माझ्या किटमधल्या कनेक्टरला ती नव्हतीच! यादीतही नाही, फोटोतही नाही. मी जुन्या फोन कार्डाचा तुकडा कापून त्या जागी घट्ट बसवला, तुम्हीही काहीही करा पण ती पट्टी बसवल्याशिवाय बोर्ड मशीनला दाखवूसुद्धा नका. आणि मशीन चालू असताना ते लावायचं-काढायचं नाही, कधीच नाही. स्पेक्ट्रममधल्या खालच्या १६ के रॅमला ५ सोडून १२ आणि उणे ५ व्होल्टही लागतात, ते आतलं एक छोटं सर्किट बनवतं, बोर्ड हलून तिथे शॉर्ट झालं की त्यातला ट्रान्झिस्टर जातो आणि पाठोपाठ रॅमच्या चिपा.

लावण्याआधी मशीनची कड पांढऱ्या खोडरबरने हलकी घासली आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसली, पस्तीस वर्षांचा काळा थर निघाला.

सोल्डरिंगला दोन संध्याकाळी लागल्या. आधी आयसी बेस, मग रेझिस्टर, मग प्रत्येक चिपेशेजारचे छोटे १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर, मोठे सामान शेवटी, एज कनेक्टर सगळ्यात शेवटी आणि तोही आधी दोन टोकांच्या पिना धरून, सरळ आहे का बघून मग बाकीच्या. कमी पडलेले दोन रेझिस्टर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत मिळाले, दुकानातल्या काकांनी कशाला हवेत विचारलं, स्पेक्ट्रम म्हटल्यावर त्यांनी पैसेच घेतले नाहीत. चिपा न बसवता ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये मल्टिमीटर लावला, बीप नाही, म्हणजे शॉर्ट नाही. मग चिपा बसवल्या, बोर्ड मागे लावलं, पॉवर दिली.

स्क्रीनवर नुसते उभे पट्टे.

इथून पुढचा अख्खा रविवार गेला आणि खरं सांगायचं तर ह्या किटची किंमत मला तिथे वसूल झाली. आधी वाटलं ड्राय सोल्डर, सगळे जॉइंट परत गरम केले, काही फरक नाही. डाटा लाइन तपासल्या, आणि स्पेक्ट्रमच्या कडेवर त्या ओळीने नाहीत, खाचेच्या एका बाजूला डी७ आणि दुसऱ्या बाजूला डी०, डी१, डी२, मग डी६, डी५, डी३, डी४ असा क्रम आहे, त्यामुळे कागदावर लिहून एकेक टोचत बसावं लागलं. सगळ्या बरोबर. शेवटी बोर्डावरची ईईप्रॉम आणि रॅम दोन्ही बेसमधून काढल्या आणि मशीन चालू केलं तर ती आपली "१९८२ सिंक्लेअर रिसर्च" वाली ओळ शांतपणे खाली आली. म्हणजे मशीन ठणठणीत आहे, बोर्डही बसच्या, म्हणजे प्रोसेसरच्या सामाईक तारांच्या, मध्ये येत नाहीये, भांडण होतंय ते दोन रॉममध्ये, मशीनची कायमची प्रोग्राम मेमरी आणि बोर्डावरची ईईप्रॉम.

कारण स्पेक्ट्रमची स्वतःची १६ के रॉम मेमरीच्या शून्य पत्त्यापासून सुरू होते आणि डिव्हएमएमसीलाही आपली रॉम तिथेच दाखवायची असते. त्यासाठी कडेवर रॉमसीएस नावाची लाइन आहे, ती ५ व्होल्टला ओढली की आतली रॉम गप्प बसते. सिंक्लेअरच्या लोकांनी ही सोय १९८२ मध्येच करून ठेवली, एक लाइन आणि आत एक रेझिस्टर, एवढ्यावर आजचं एसडी कार्ड चालतंय, मला ह्याचं फार कौतुक वाटतं. तर बोर्डावर ही लाइन एका डायोडमधून (वीज एकाच दिशेला जाऊ देणारा भाग) ओढली जाते, आणि माझ्या पीसीबीवर त्या डायोडच्या जागी दिशा दाखवणाऱ्या रेघेची खूणच छापलेली नव्हती, नुसता चौकोन. फोटोतही तो कनेक्टरच्या सावलीत. मी लावला तो उलटा लागला होता, त्यामुळे लाइन कधी वर जातच नव्हती, दोन्ही रॉम एकाच वेळी बोलत होत्या. काढून फिरवून लावला, दोन मिनिटांचं काम. चालू केलं, ईएसएक्सडॉसचा, म्हणजे बोर्डातल्या फर्मवेअरचा, स्क्रीन आला, कार्ड ओळखलं.

विक्रेत्याला ईमेल केला, त्याने दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं आणि पुढच्या बॅचला खूण छापतो म्हणाला, कनेक्टरच्या प्लास्टिकच्या पट्टीबद्दल काही बोलला नाही.

हे रेडीमेडमध्ये झालंच नसतं, मान्य, पण रेडीमेड घेतलं असतं तर रॉमसीएस काय करतं हे मला आजही माहीत नसतं. ३५ वर्षं ते मशीन घरात आहे आणि त्याच्या मागच्या कडेवर प्रोसेसरच्या जवळपास सगळ्या तारा उघड्या मांडून ठेवल्यात हे मला परवा कळलं.

चालतं कसं तेही भारी आहे. सीपीएलडी नुसती पत्ते बघत बसलेली असते. प्रोसेसर १३७८ ह्या पत्त्यावर पोचला, तिथे मूळ रॉमचं टेप लोड करायचं रुटीन आहे, की ती पटकन मधे येऊन स्वतःची रॉम पुढे करते आणि टेपऐवजी कार्डावरून डाटा देते. गेमला पत्ताही लागत नाही. बटण दाबलं की एनएमआय, म्हणजे प्रोसेसरला टाळता न येणारी हाक, झेड८० हातातलं काम टाकून १०२ पत्त्यावर जातो, तिथेही हीच पुढे, आणि फाइलींचा मेनू येतो. टॅप फाइल (टेपची कॉपी) निवडायची, मग 'J' हे बटण दाबून लोड आणि दोनदा अवतरण चिन्ह. प्लस मॉडेलला अवतरणाचं वेगळं बटण आहे त्यामुळे सोपं जातं. कार्ड फॅट३२ चालतं, ८ जीबीचंच घ्या, ४८ के च्या फाइलींना आयुष्यभर पुरेल. एकच लक्षात ठेवा, कार्डावरच्या सिस फोल्डरची आवृत्ती आणि चिपेतल्या फर्मवेअरची आवृत्ती तीच पाहिजे, नाहीतर सुरूच होत नाही.

जॉयस्टिक पोर्ट केम्पस्टन (स्पेक्ट्रमची जुनी जॉयस्टिक जोडणी) पद्धतीचा आहे, पोर्ट ३१. तपासायला गेम नको, बेसिकमध्ये प्रिंट अ‍ॅट ०,० करून इन ३१ छापत राहायचं: उजवीकडे १, डावीकडे २, खाली ४, वर ८, फायर १६. माझा पहिल्या फटक्यात बरोबर आला.

पॉवरबद्दल. स्पेक्ट्रमचा अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्टचा पण मधल्या पिनला निगेटिव्ह, आपल्या बाजारातले बहुतेक उलटे, नवीन घेतला तर आधी मीटर लावून बघा. आतला ७८०५ रेग्युलेटर, ९ चे ५ व्होल्ट करणारा, आधीच तापतो, बोर्डाचा लोड वाढल्यावर माझा हात लावायला नको इतका तापायला लागला, मी त्या जागी स्विचिंग मॉड्यूल बसवलं, आता गार आहे. किट घेणाऱ्याने हा खर्च धरूनच चालावं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. १९८९ मध्ये मी आईच्या भिशीचा हिशोब ठेवायला बेसिकमध्ये एक प्रोग्राम लिहिला होता, बारा बायका, महिन्याला शंभर रुपये. स्पेक्ट्रममध्ये सेव्ह केलं की प्रोग्रामबरोबर व्हेरिएबलही टेपवर जातात, म्हणजे सगळे आकडे आतच, पण लोड केल्यावर रन दिलं की ते पुसले जातात, म्हणून गो टू १० ने सुरू करायचं. कॅसेटच्या कव्हरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं, "रन करू नये! गोटू १०". कार्डावरची टॅप फाइल जोडलेली नसेल तर डिव्हएमएमसी खऱ्या टेपला तसंच जाऊ देतो, त्यामुळे बोर्ड लावलेलं असतानाच टेपरेकॉर्डर जोडला. तीन वेळा एरर. मग हेडशेजारचा तो छोटा स्क्रू आवाज एकदम खणखणीत होईपर्यंत फिरवला आणि चौथ्या वेळी पूर्ण आलं, मी गो टू १० न देता आधी सेव्ह, फुली (*), नाव, असं करून ते कार्डावर टाकलं, हात थरथरत होते.

मग आईला बोलावलं. तिने चष्मा लावला, बारा ओळी वाचल्या, आणि सातव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हिचे ऑगस्टचे शंभर नंतर दिले होते तिने, ते तू घातलेच नाहीस."

घातले.