‘घरपोच मोफत’ लिहावं की पाठवणावळ वेगळी दाखवावी? पापड-कुरडया बाहेरगावी पाठवणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात जळगाव, चोपडा, अमळनेर, शिरपूरकडच्या गच्च्यांवर जे वाळतं, त्यातलं बरंचसं आता कुरिअरने पुण्या-मुंबईला जातं. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे यूपीआयने. घोडं अडतं ते दरपत्रकात पाठवणावळ कशी लिहायची यावर. पद्धती तीन. खर्च किमतीत धरून ‘घरपोच मोफत’ म्हणायचं. लागेल तेवढा खर्च वेगळा घ्यायचा. किंवा माल स्वस्त दाखवून ‘पॅकिंग-हँडलिंग’च्या नावाखाली उरलेली कसर काढायची.

तिसरीचा मोह पडतो, कारण ती चालते. तंजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन या अर्थतज्ज्ञांनी ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर लिलाव लावून पाहिले होते. त्यांचा निबंध २००६ मध्ये आला. ४ डॉलरपासून बोली आणि पाठवणावळ शून्य, किंवा १ सेंटपासून बोली आणि पाठवणावळ ३.९९ डॉलर. गिऱ्हाइकासाठी हिशेब एकच, तरी दुसऱ्या प्रकारात बोली लावणारे जास्त आले आणि विकणाऱ्याला पैसेही जास्त मिळाले. लोक किंमत बघतात, खालची ओळ नंतर वाचतात. पण पापड घेणारा लिलावातला अनोळखी माणूस नसतो. तो कुणाचा तरी भाचा नाहीतर व्याही असतो, आणि २०० रुपयांच्या पापडावर १५० रुपये ‘हँडलिंग’ लागलं की ते सगळ्या गोतावळ्यात कळतं.

कायदाही स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची आणि डिलिव्हरी, टपाल, हँडलिंग, कर यांची फोडही द्यायची. पैसे भरायच्या पायरीवर नवा आकार पुढे करण्याला २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक (म्हणजे गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हटलं आहे. जीएसटी नोंदणी असेल आणि मालावर कर लागत असेल, तर फोड करून तो करही वाचत नाही. पॅकिंग आणि पाठवणावळ करपात्र किमतीतच धरली जाते. खोका, टेप, बांधणाऱ्या बाईची मजुरी हा खरा खर्च आहे, तो जरूर घ्या. फक्त त्यात नफा दडवू नका.

आता उरलेल्या दोन. इथे खरी गोम मालात आहे.

खासगी कुरिअर नुसतं वजन करत नाही, खोकाही मोजतो. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५,००० ने भागायचं. जे वजन जास्त भरेल, त्यावर आकारणी. किलोभर उडदाचे पापड २० × २० × १२ च्या खोक्यात बसले, तर हिशेब ०.९६ किलोचा, म्हणजे जवळजवळ खरं वजन. तेवढ्याच कुरडयांना ३० × ३० × २० चा खोका लागला, तर १८,००० भागिले ५,०००, म्हणजे ३.६ किलो. चुरा होऊ नये म्हणून कागद कोंबायचा असेल, तर खोका आणखी मोठा. हे माहीत नसलेला माणूस कुरडयांवर ‘मोफत’ लिहितो आणि पहिल्याच सीझनला हात पोळून घेतो. मग पुढच्या वर्षी ते ‘हँडलिंग’ उगवतं. बहुतेकदा लबाडी अशीच सुरू होते, नुकसान भरून काढण्याच्या नादात.

‘मोफत’चा दुसरा दोष कमी दिसतो. समजा, किलोमागे ८० रुपये पाठवणावळ किमतीत धरली. तीन किलो घेणारा २४० रुपये भरतो, पण एकाच खोक्यात तीन किलो पाठवायला तिप्पट खर्च सहसा येत नाही. शिवाय भुसावळच्या गिऱ्हाइकाच्या किमतीतून बंगळुरूच्या खोक्याचं भाडं निघतं. गावात दारावर येऊन नेणाऱ्यालाही तोच भाव लावलात, तर तो सरळ अन्याय.

वेगळी पाठवणावळ बघून गिऱ्हाईक पळेल, ही भीती मला तरी आपल्याकडे फारशी पटत नाही. जळगावच्या सराफात सोन्याचा भाव वेगळा आणि मजुरी वेगळी लावलेली बिलं लोक पिढ्यान्‌पिढ्या घेत आले आहेत. मजुरीवर घासाघीस होते, पण ती वेगळी लावली म्हणून कुणी दुकानातून उठत नाही.

तेव्हा माझा कौल असा: पापड, बिबडे, काळा मसाला, म्हणजे जे खोक्यात गच्च बसतं, त्याला राज्यापुरता ‘पाठवणावळीसह’ भाव आणि किमान दोन किलोची अट. ‘मोफत’ हा शब्द मात्र टाळा. दारावरचा भाव शेजारीच छापा. कुरडयांना वेगळी पाठवणावळ, पिनकोड विचारून, पैसे घेण्याआधी सांगितलेली. कुरिअरच्या पावतीचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवला की प्रश्नच मिटतो. राज्याबाहेर सगळ्यालाच वेगळी. हलका माल आणि घाई नसेल, तर पोस्टात दर विचारून घ्या.

एक गोष्ट दोन्ही पद्धतींत आधीच लिहून ठेवा: खोका परत आला, तर जाण्या-येण्याचं भाडं कुणाचं. कॅश ऑन डिलिव्हरीत हा प्रश्न हमखास येतो, आणि ‘मोफत’ लिहिलेलं असेल तर भांडायला तुमच्याकडे कागदावर आकडाच नसतो.