सत्तरातले दोन लाल आणि मामांचे साडेनऊ हजार

घरात विंडोजचा कॉम्प्युटर आहे आणि तो वापरणारं माणूस वयस्कर आहे, अशा सगळ्यांनी हे वाचा. पॉपअप येतो, सायरन वाजतो, स्क्रीनवर फोन नंबर दिसतो ही फसवणूक आता बऱ्याच जणांना माहितीये, पण माझ्या मामांना ज्या पद्धतीने गंडवलं त्यात खराखुरा, चांगला स्कॅनर वापरला गेला आणि म्हणूनच ते फसले.

मामा सांगलीला घरीच डीटीपीची कामं करतात, लग्नपत्रिका, अर्ज, सोसायटीच्या नोटिसा वगैरे. त्या दिवशी फुल स्क्रीन वॉर्निंग आली, बंदच होईना. (Esc बटण दाबून धरलं किंवा टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला की हे जातं, पण ऐनवेळी कुणाला सुचतं.) मामांनी स्क्रीनवरच्या नंबरवर फोन लावला, पलीकडचा माणूस एकदम अदबीने काका काका करत बोलणारा. त्याने दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवता येतो असं रिमोटवालं अ‍ॅप टाकायला लावलं, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधली घडामोडींची नोंदवही) उघडून लाल एरर दाखवले, जे प्रत्येक विंडोजमध्ये असतातच. तरी मामा तयार होईनात. मग त्याने व्हायरसटोटल ही फाइली तपासायची वेबसाइट उघडली, मामांच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची फाइल त्यात टाकली, आणि सत्तरच्या आसपास अँटीव्हायरसच्या नावांच्या यादीत दोन लाल आले. म्हणाला, बघा काका, ही गूगलची साइट आहे, गूगलने तुमचा अख्खा कॉम्प्युटर स्कॅन केलाय, दोन व्हायरस सापडलेत, बँकेचे पासवर्ड जातायत. साडेनऊ हजार घेतले, तेही कंपनीच्या नाही, कुठल्यातरी माणसाच्या नावाच्या यूपीआयवर.

आता यात खरं किती ते सांगतो. व्हायरसटोटल २००४ साली स्पेनमध्ये सुरू झालं आणि २०१२ मध्ये गूगलने घेतलं, तेवढं खरं. पण ते अख्खा कॉम्प्युटर तपासत नाही, आपण जी एक फाइल किंवा लिंक देऊ तेवढीच वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंजिनांकडून, म्हणजे व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रॅमकडून, बघून घेतं आणि कोण काय म्हणालं ते समोर मांडतं, स्वतःचा निकाल देत नाही. त्यामुळे दोन लाल म्हणजे दोन व्हायरस नाही, दोन इंजिनांना ती एक फाइल संशयास्पद वाटली एवढंच. टायपिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक की मधेच पकडून तिचं मराठी अक्षर करतं, कीलॉगर (आपण काय टाइप करतो ते चोरणारा प्रोग्रॅम) सुद्धा की पकडतो, त्यात छोट्या कंपनीची, डिजिटल सही (फाइल कुणी बनवली याची खूण) नसलेली फाइल असली की एखादं इंजिन शंका घेणारच. मी नंतर तो रिपोर्ट नीट बघितला, लाल नावांपुढे 'जेनेरिक' छापाचं मोघम लिहिलेलं, नामांकित इंजिनं सगळी हिरवी, आणि फाइल जुनीच, कितीतरी वर्षांपूर्वी पहिल्यांदा तिथे आलेली. कंपनीच्या साइटवरून तीच व्हर्जन उतरवून हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, जुळवला (सेव्हन-झिप हे झिप उघडायचं सॉफ्टवेअर असेल तर फाइलवर राइट क्लिक करून SHA-256 हा हॅश काढता येतो), अक्षरन् अक्षर तोच.

आणि सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? त्या माणसाने जे रिमोटचं अ‍ॅप मागे ठेवलं, पासवर्ड लावून, मामांनी परवानगी न देताही त्याला कधीही आत येता येईल असं सेट करून, त्याची फाइल मी तपासली तर एकही लाल नाही. नसणारच, अ‍ॅप अधिकृत आहे, सहीचं आहे, वापरणारा चोर आहे हे कुठल्या इंजिनला कळणार! अख्ख्या कॉम्प्युटरवर धोकादायक गोष्ट ती एकच होती आणि तीच हिरवीगार. पासवर्ड लावलेली झिप पण अशीच, आतलं उघडताच येत नाही म्हणून शून्य दाखवू शकते, त्यामुळे कुणी 'शून्य आलंय, बिनधास्त टाका' म्हणून क्रॅक सॉफ्टवेअर देत असेल तर तेही घेऊ नका.

अजून एक, त्याने डॉक्युमेंट्समधली गिऱ्हाइकाची एक पीडीएफसुद्धा तिथे चढवली होती, आधार नंबरसकट. तिथे टाकलेल्या फाइली अँटीव्हायरस कंपन्या आणि पैसे भरणारे ग्राहक बघू शकतात. त्या गिऱ्हाइकाला मामांनी स्वतः जाऊन सांगितलं, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्यायला लावलं. तुम्हाला तपासायचंच असेल तर खाजगी कागद कधी चढवू नका, फाइलचा नुसता हॅश तिथे सर्च करा, आधी कुणी तपासली असेल तर रिपोर्ट तसाच मिळतो.

आम्ही पहिल्यांदा इंटरनेटची वायर काढली, दुसऱ्या मोबाइलवरून बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदलले, मग ते अ‍ॅप काढून विंडोजमधल्याच डिफेंडर अँटीव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन लावला. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर यूपीआयच्या ट्रान्झॅक्शन नंबरसकट तक्रार टाकली. १९३० ला जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे मधेच अडवले जायची शक्यता जास्त. मामा दोन दिवस कुणाला बोललेच नव्हते, लाज वाटली म्हणून, आणि तोवर त्या खात्यातून रक्कम पुढे गेली होती. घरच्या मोठ्यांना आजच सांगून ठेवा की असं काही झालं तर कुणी रागावणार नाही, लगेच फोन करा.