लॅपटॉप दुरुस्त झाला, डिस्क मात्र परत आली नाही

सांगलीत मी बावीस वर्षं हिशेबाचं आणि टॅक्सचं काम करते. मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे काही अडते, मिरजेतले दोन तंतुवाद्य कारागीर, गणपती पेठेतली किराणा-कापडाची दुकानं असे मिळून चाळीसेक जण माझ्याकडे कागद आणून देतात. २०१९ च्या महापुरात पेठेतल्या माझ्या खोलीत पाणी शिरलं आणि वह्या, फायली, व्हाउचरचे गठ्ठे, सगळ्याचा लगदा झाला. तेव्हापासून हातात येणारा प्रत्येक कागद स्कॅन करून लॅपटॉपवर ठेवायचा, असा मी नेम केला. लोकांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट, भागीदारीचे करारनामे, सगळं त्यातच. हे आधी सांगते आहे, कारण या प्रकरणात माझे नऊ हजार गेले याचं मला तितकं दुःख नाही. दुःख दुसऱ्याच गोष्टीचं आहे.

गेल्या जूनच्या १७ तारखेला सकाळी लॅपटॉप चालू केला. पासवर्ड टाकला, डेस्कटॉप दिसला आणि अर्ध्या मिनिटात स्क्रीन निळी होऊन मशीन आपोआप रिस्टार्ट झालं. पुन्हा पासवर्ड टाकला, पुन्हा तेच. असं पाच-सहा वेळा झालं. पासवर्ड न टाकता तसंच ठेवलं तर मात्र अर्धा तास काही होत नव्हतं. लॉगिन केलं की पडायचं. निळ्या स्क्रीनचा फोटो काढून मी दोन-तीन अशिलांना पाठवला, ‘आज रिटर्न होणार नाही, मशीन बिघडलंय’ एवढंच कळवायला. हा फोटो पुढे माझ्या फार उपयोगी पडला.

जीएसटीच्या ३बी या मासिक रिटर्नची शेवटची तारीख २०. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज, आणि तेही माझ्या नाही, दुसऱ्याच्या खिशातून. त्या धास्तीत मी शहरातल्याच एका दुकानात गेले. तक्रार अजून चालू आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही.

दुकानदार तिशीतला, बोलायला गोड. त्याने माझ्यासमोर लॅपटॉप चालू केला, निळी स्क्रीन आली तशी मान हलवली. “ताई, मदरबोर्ड गेलाय की ह्याचा. आणि एसएसडीपण शेवटच्या घटका मोजतीय. आज नवी टाकली नाही तर सगळा डेटा जाईल बघा.” एसएसडी म्हणजे सगळा डेटा जिच्यात राहतो ती डिस्क. डेटा जाईल म्हटल्यावर मला पुराचा चिखल आठवला. मी म्हटलं, करा. त्याने पासवर्ड विचारला, मी सांगितला. तो त्याने एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवला. त्याच वेळी माझ्या मनात चर्र झालं होतं, पण मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन मिळालं. मदरबोर्ड रिपेअर ४,५०० रुपये, नवीन एसएसडी ३,९००, डेटा ट्रान्सफर ८००, एकूण ९,२००. पैसे यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नाही, त्याच्या स्वतःच्या नावावर. बिल मागितलं तर म्हणाला, “बिल पाहिजे तर जीएसटी लागेल ताई, कशाला उगं?” मी स्वतः जीएसटीचं काम करते. तरीही मी पुढे काही बोलले नाही. घाई होती, मशीन सुरू झालं होतं, सगळे फोल्डर जागच्या जागी होते. १९ तारखेला रात्री अकराला शेवटचं रिटर्न भरलं आणि मी ते दुकान विसरून गेले.

महिनाभरात मशीन जड चालायला लागलं. टॅली आणि एक्सेल एकदम उघडलं की वाट बघत बसायचं. जुलैअखेरीस माझा भाचा पुण्याहून आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला म्हटलं, जरा बघ रे. त्याने टास्क मॅनेजर उघडून मेमरीवर बोट ठेवलं. “आत्या, तुझ्या लॅपटॉपला रॅम किती होती?” सोळा जीबी. २०२२ मध्ये घेताना मीच मुद्दाम जास्त घेतली होती. स्क्रीनवर आठ दिसत होती, आणि खाली लिहिलं होतं, दोनपैकी एकच स्लॉट वापरात. मी खरेदीचं बिल कपाटातून काढून आणलं. त्यावर आठ-आठच्या दोन पट्ट्या स्पष्ट लिहिल्या होत्या.

मग त्याने डिस्कची तब्येत दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं. प्रत्येक एसएसडी आपण किती तास चालू होतो याची नोंद स्वतःच ठेवते. माझ्या ‘नवीन’ एसएसडीवर आकडा होता १३,८७० तास. वर्षात तास असतात ८,७६०. म्हणजे रोज आठ तास वापर धरला तरी कुणीतरी ती पावणेपाच वर्षं वापरलेली. माझ्याकडे येऊन तिला दीड महिनासुद्धा झाला नव्हता. दुसऱ्याची झिजलेली डिस्क मला नवी म्हणून विकली होती. तेवढ्यावर न थांबता भाच्याने डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडलं. डिस्क ड्राइव्हच्या यादीत दोन नावं आली, एक ठळक आणि एक फिकट. फिकट होती ती माझी मूळची डिस्क. दुकानदाराने जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवली, तेव्हा विंडोजच्या आत जुनीची ही खूण तशीच राहून गेली. तिचं मॉडेल वाचताना माझे हात गार पडले. कारण मला एकदम उमगलं की माझी डिस्क मेलेली नव्हतीच. मेलेली असती तर तिची नक्कल एवढ्या सुरळीत उतरली नसती. ती चांगली होती, चाळीस घरांचे कागद तिच्यात होते, आणि ती त्याच्याकडे राहिली होती.

मग मशीन पडत कशाने होतं? मी पाठवलेल्या फोटोत निळ्या स्क्रीनखाली ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असे शब्द होते. भाच्याने सांगितलं, याचा अर्थ ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, ठरलेल्या वेळेत उत्तर दिलं नाही. विंडोज दोन सेकंद वाट बघते, मग ड्रायव्हरला पुन्हा उठवायचा प्रयत्न करते, आणि तोही फसला की सगळं बंद करते. रिलायबिलिटी हिस्टरी नावाचा एक तक्ता विंडोजमध्ये असतो, त्यात रोजचे बिघाड आणि बदल तारखेने दिसतात. १६ जूनला संध्याकाळी ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट झाला होता, आणि १७ ला सकाळपासून लाल फुल्यांची रांग. आजघडीला मशीनवर असलेला ड्रायव्हर मात्र त्या अपडेटच्या आधीचा, जुना. म्हणजे दुकानदाराने ड्रायव्हर मागे नेला आणि दुखणं तेवढ्यानेच बरं झालं. मदरबोर्डवर काही काम केलं असेल तर ते आजवर मला कुणी दाखवलेलं नाही. मिरजेतल्या एका जुन्या, माहितीतल्या कारागिराने मशीन उघडून पाहिलं, त्यालाही सोल्डरिंगची खूण सापडली नाही.

हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण तेवढं मला त्या दिवशी ठाऊक असतं तर मी दुकानाची पायरी चढले नसते. पासवर्डच्या पडद्यावर मशीन शांत राहतं आणि लॉगिननंतरच पडतं, तेव्हा पहिला संशय ड्रायव्हरवर, लॉगिनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामवर किंवा बिघडलेल्या युजर प्रोफाइलवर घ्यायचा. रॅम किंवा डिस्कही कधी कारण असते, पण ते तपासून ठरवायचं, मान हलवून नाही. पासवर्डच्या पडद्यावर खाली उजवीकडे पॉवरचं चिन्ह असतं. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट निवडायचं. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबायचा. मशीन सेफ मोडमध्ये उघडतं, तिथे विंडोज स्वतःचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर वापरते. तिथे लॉगिन करून मशीन पडलं नाही, तर मदरबोर्ड गेला म्हणणाऱ्याला कशावरून म्हणता ते विचारा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असं बटण असतं. दहा मिनिटांचं काम. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद केलेली असेल, तर मधेच ४८ आकडी रिकव्हरी की मागतात, ती आधीच कागदावर लिहून ठेवलेली बरी.

माझी डिस्क एन्क्रिप्ट केलेली नव्हती. असती तर ती काढून दुसऱ्या मशीनला लावणाऱ्याला काही वाचता आलं नसतं. अर्थात मी पासवर्डच देऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. आधी त्याने ओळखच दाखवली नाही. यूपीआयची नोंद दाखवल्यावर आवाज चढवला. “तुमची रॅम आठच होती, मी का काढू? पुरावा काय?” खरेदीचं बिल पुढे केलं तेव्हा म्हणाला, मधे दुसऱ्या कुणी काढली असेल. जुन्या डिस्कबद्दल विचारलं तर, “ती स्क्रॅपमध्ये गेली ताई. खराबच होती, तुम्ही मागितली पण नाही.” हे शेवटचं वाक्य खरं होतं. मी मागितली नव्हती. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यातल्या एका मुलीने आपल्या लॅपटॉपवरचा हात काढला नाही आणि थोड्या वेळाने तो उचलून निघून गेली. तेवढं पाहून मला बरं वाटलं.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल नसल्याने माझी बाजू लंगडी पडेल असं मला वाटत होतं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तू किंवा सेवेचं बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली आहे. यूपीआयची नोंद, खरेदीचं बिल, निळ्या स्क्रीनचा फोटो, डिस्कच्या तासांचा आणि त्या फिकट नावाचा स्क्रीनशॉट असं सगळं जोडलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हेही तेव्हाच कळलं. पोलीस ठाण्यात वेगळा अर्ज दिला, त्यात पैशांपेक्षा डिस्कबद्दल जास्त लिहिलं. ऑगस्टमध्ये दुकानदाराने एका माणसाकरवी आठ जीबीची रॅम आणि चार हजार रुपये पाठवले आणि तक्रार मागे घ्या म्हणून निरोप दिला. रॅम घेतली, पैसे परत पाठवले. मला डिस्क हवी आहे.

सगळ्यांत जड काम त्यानंतरचं होतं. चाळीस जणांना मी एकेक करून सांगितलं की तुमचे कागद माझ्या हातून परक्याच्या हातात गेलेत. फोनवर नाही, समोर बसून. पोर्टलचे पासवर्ड बदलले, नेट बँकिंगचे बदलायला लावले, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं. काही चिडले. दोघांनी काम काढून घेतलं, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. यार्डातले एक अडते काका, ज्यांच्या वडिलांपासूनच्या वह्या पुरात माझ्याकडेच भिजल्या होत्या, ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पाण्यानं नेलं तवा कुठं गेलं ते ठाव होतं पोरी.” त्यावर मला काही बोलता आलं नाही.

आता मशीन कुठेही द्यायचं झालं तर मी आधी रॅम आणि डिस्कचे मॉडेल व सीरियल नंबर लिहून त्या कागदावर दुकानदाराची सही घेते. जमेल तर समोर बसून काम करून घेते. पार्ट बदलला तर जुना पार्ट माझ्या पिशवीत आल्याशिवाय पैसे देत नाही. पासवर्ड तर नाहीच. दुरुस्तीवाल्यासाठी वेगळं रिकामं खातं करून ठेवलं आहे, आणि डिस्क एन्क्रिप्ट केली आहे.

जून-जुलैपासून सांगली, मिरज किंवा आसपास कुणी वापरलेली ५१२ जीबीची एसएसडी घेतली असेल, आणि तिच्यात हळद, बेदाणा, तंतुवाद्य अशा नावांचे फोल्डर दिसले, तर कृपा करून ते उघडू नका, ती जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा. माझा अर्ज तिथे आहे. ओळखायची खूण म्हणजे सगळ्यांत वर ‘पूर २०१९’ नावाचा एक फोल्डर आहे. त्यात फक्त भिजलेल्या वह्यांचे फोटो आहेत.