स्विफ्ट डिझेलचं इंजिन बांधून घेतलं, त्यानंतरचे काही महिने

इंजिन झकास चालतंय, पण पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी तेलाचा एक थेंब असतोच. एवढे पैसे मोजल्यावर तो थेंब दिसला की डोकं फिरतं. सोसायटीच्या चेअरमननी खाली पुठ्ठा टाकायला सांगितलाय, आता बोला!

गाडी २०१३ ची, तेच फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिन, रनिंग तीन लाखांच्या पुढे. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं की भकाभक धूर, चढाला मागे निळसर धूर आणि दोन सर्व्हिसच्या मध्येच डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) कोरडी. गॅरेजवाल्याने आधी टर्बोवर ढकललं. टर्बो ठणठणीत निघाला. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासल्यावर कळलं, पिस्टनच्या रिंगा गेल्यात.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनं हाफ इंजिन (हेडशिवाय, नुसता ब्लॉक आणि त्याच्या आतलं) ५५ हजारांना सांगत होते. आत काय वाढून ठेवलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, वर ब्लॉकचा नंबर बदलला की आरटीओ, आरसीवर नोंद, विमा हे सगळं आलंच. मित्राचं म्हणणं, अर्टिगाचं ९० पीएसवालं बसव. त्याला व्हीजीटी म्हणजे पाती हलणारा टर्बो, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि वायरिंगलाही हात घालणं आलं. आणि टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, १९० चा २००. दहा न्यूटन मीटरसाठी आरटीओच्या पायऱ्या कोण झिजवणार? डिझेल स्विफ्ट २०२० पासून नवी मिळत नाही, त्यामुळे आहे तेच बांधायचं ठरवलं. ९२ हजार गेले.

त्यातलं लेथचं बिल सगळ्यात छोटं, काम सगळ्यात मोलाचं. लेथवाल्या काकांनी प्रत्येक बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक) वर, मध्ये, खाली, उभा-आडवा मोजला आणि आकडे खडूने ब्लॉकवरच लिहिले. मूळ माप ६९.६ मिमी. वरची रिंग जिथून मागे फिरते तिथे नखाला चक्क कड लागत होती, म्हणजे बोअरच झिजलेला. गॅरेजवाला नुसत्या रिंगा टाकून मोकळा होणार होता. ती कड दाखवल्यावर गप्प बसला. मग बोअर मारून (भोक थोडं मोठं करून) ओव्हरसाइझ पिस्टन, बेअरिंग आणि टायमिंग चेन किट. इंजिन उतरलंच होतं म्हणून क्लच प्लेटही उरकली.

पहिलं ऑइल हजार किलोमीटरलाच काढलं, त्यात धातूच्या कणांची बारीक चमचम होती. आता ऑइल खात नाही, थंडीतही अर्ध्या सेल्फमध्ये चालू, हायवेला २२ चं ॲव्हरेज.

राहिला थेंब. गॅरेजवाल्याने टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) पॅकिंग बदललं, पुन्हा बदललं, दोन्ही वेळा मजुरी घेतली आणि वर "दादा, डिझेल आहे, थोडं पाझरणारच." म्हणून गॅरेजला दोनच स्टार देणार होतो.

ताजं : इथवर लिहून ठेवलं होतं. रविवारी स्वतःच बॉनेट उघडलं, हेड डिझेलने पुसून कोरडं केलं, वर टाल्कम पावडर मारली आणि इंजिन चालू ठेवलं. पावडरीत काळी रेघ उमटली ती कव्हरखालून नव्हे, हेडच्या टोकाला असलेल्या व्हॅक्यूम पंपापासून. ९२ हजारांच्या कामात त्याची जुनीच ओ-रिंग (गोल रबरी पॅकिंग) परत बसवलेली! नाना पेठेत शंभराच्या आत नवी मिळाली. फरशी कोरडी.

इंजिनच्या कामाला आता चार स्टार देतो. पॅकिंगची मजुरी मात्र परत मागणार, दोन्ही वेळची. २०२८ ला पंधरा वर्षं भरतील तेव्हा पुनर्नोंदणीचं बघू. तोवर कुणाला एवढ्या पैशांत चांगली डिझेल स्विफ्ट दिसली तर कळवा, पण आधी तिचं ऑइलचं झाकण उघडून बघा.