ओपन बाइट: शस्त्रक्रियेऐवजी स्क्रू आणि तारा, माझा अनुभव

दाढा घट्ट मिटल्या तरी माझे वरचे-खालचे पुढचे दात एकमेकांना टेकत नसत, यालाच ओपन बाइट म्हणतात. घास तोडायचा तो बाजूच्या दातांनी. पहिल्या डॉक्टरांनी थेट वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया सांगितली. दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टने (वाकडे दात सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञाने) चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढला आणि वेगळा मार्ग सुचवला. वर्ष उलटून गेलंय आणि फट मिटलीय, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्या वरच्या दाढा गरजेपेक्षा खाली उतरलेल्या होत्या. तोंड मिटताना आधी त्याच टेकायच्या आणि पुढे फट राहायची. दाढा हाडात वर ढकलल्या की खालचा जबडा बिजागरीवर फिरल्यासारखा वर-पुढे येतो. दाढा 1 मिलिमीटर वर गेल्या, तर पुढे साधारण 2 ते 3 मिलिमीटर फट कमी होते. एवढ्याशा हालचालीने इतकं काही होईल यावर आधी माझा विश्वास बसला नव्हता.

त्यासाठी हिरडीतून हाडात टायटॅनियमचे बारीक स्क्रू बसवतात आणि त्यांच्या आधाराने दाढा वर सरकवतात. फक्त ती जागा बधिर करतात. मला दुखलं नाही, नुसता दाब जाणवला. ठणका संध्याकाळी सुरू झाला. एक स्क्रू पुढे सैल झाला, तो काढून शेजारी दुसरा बसवला. असं होतं, घाबरू नका. पण स्क्रूभोवतीची हिरडी सुजू देऊ नका, रोज मऊ ब्रशने साफ ठेवा. तारांचा त्रास नेहमीचाच, गाल सोलवटतो, मेण लावायचं.

खरी मेहनत जिभेची. गिळताना माझी जीभ पुढच्या दातांमध्ये घुसायची. ही सवय राहिली तर मिटलेली फट पुन्हा उघडते, अगदी शस्त्रक्रियेनंतरसुद्धा. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला लावायचं, दात मिटायचे आणि ओठ न आवळता आवंढा गिळायचा. कंटाळवाणा व्यायाम आहे, पण मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. सुरुवातीला लक्ष ठेवून करावं लागायचं, आता जीभ आपोआप जागेवर जाते. ज्या दिवशी पुढच्या दातांनी पहिल्यांदा घास तुटला, त्या दिवशी डोळे भरून आले.

हा मार्ग सगळ्यांना लागू नाही. जबड्यांच्या हाडांतच मोठी तफावत असेल तर शस्त्रक्रियाच योग्य ठरते. त्यामुळे पहिल्याच भेटीत विचारा: माझी फट दाढांमुळे आहे, जिभेमुळे की हाडामुळे? आणि तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात पुन्हा सरकू नयेत म्हणून घालायची पट्टी, किती काळ घालायचा, तेही तेव्हाच विचारून घ्या.