एक्सोडस 90 : 90 दिवस, 26 उपवास आणि बिनदुधाचा चहा

कॅथलिक पुरुषांसाठीचं हे ॲप म्हणजे खरं तर एक कडक वेळापत्रक आहे. अमेरिकेत मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीज सेमिनरीत भावी धर्मगुरूंसाठी आखलेला हा क्रम पुढे प्रापंचिकांसाठी खुला झाला. रोज बायबलमधल्या ‘निर्गम’ (एक्सोडस) या पुस्तकातला उतारा आणि त्यावरचं मनन, तासभर प्रार्थना (त्यातली किमान 20 मिनिटं निःशब्द), गार पाण्याची छोटी अंघोळ, आठवड्यातून तीनदा घाम काढणारा व्यायाम, किमान 7 तास झोप. दारू, गोडधोड, दोन जेवणांच्या मधलं खाणं, टीव्हीवरचं क्रिकेट, गरज नसलेली खरेदी बंद. बुधवारी आणि शुक्रवारी मांस वर्ज्य, शिवाय उपवास: एक पूर्ण जेवण आणि दोन लहान. पाच-सात जणांचा गट आठवड्याला एकदा भेटतो आणि त्यातल्या एका ठरलेल्या माणसाशी रोज बोलायचं असतं. मजकूर मराठीत नाही. गटात इंग्रजी वाचणारा एक जण असला, तर उतारा आपल्या मराठी बायबलमधून वाचून काम भागतं.

मोजणी ईस्टरवरून उलटी होते. 2026 चा ईस्टर 5 एप्रिलला, म्हणून पहिला दिवस सोमवार, 5 जानेवारी. राखेचा बुधवार दरवर्षी बरोबर 45 व्या दिवशी येतो, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तेव्हा अर्धी वाट संपलेली असते. सगळे बुधवार-शुक्रवार मोजले तर 26 उपवास होतात. चर्चच्या कायद्याने सक्तीचे उपवास वर्षाला दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेही वयाच्या 18 पासून साठावं वर्ष लागेपर्यंत. हा फरक डोक्यात पक्का असू द्या. ॲप मोडलं म्हणून पाप लागत नाही, आणि पंचविसावा उपवास चुकला म्हणून कुमसाराला (धर्मगुरूकडे पापकबुली द्यायला) पळत जायची गरज नाही. पापभीरू स्वभावाच्या माणसाला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं, नाहीतर मार्चपर्यंत प्रार्थना बाजूला राहते आणि उरते फक्त बरोबर-चूक खुणांची वही.

आता शरीराच्या बाजूचं. गार अंघोळ ही या कार्यक्रमाची जाहिरात झालेली गोष्ट, पण आपल्याकडे ती सगळ्यांत कमी कामाची. अमेरिकेच्या उत्तरेत जानेवारीत नळाला येणारं पाणी अंग कापतं; वसईत मार्चच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी गिझरला लाजवतं. बादलीभर पाण्यात अंघोळ उरकणं हीच इथली शिस्त समजावी. जानेवारीतल्या पहाटे मात्र हृदयविकार किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांनी एकदम डोक्यावर तांब्या ओतू नये. गार पाण्याच्या धक्क्याने नाडी आणि रक्तदाब दोन्ही झटकन चढतात. डॉक्टर नको म्हणाले तर गरम पाणी घ्यावं.

खरं प्रायश्चित्त चहात आहे. नियमात गोड पेयं बंद, बिनसाखरेची कॉफी आणि कोरा चहा चालतो. दिवसातून चार कप साखरेचा, दुधाचा चहा पिणाऱ्याला पहिले तीन-चार दिवस डोकेदुखी गाठते. ती बहुतेक वेळा कॅफिन तोडल्याची असते. म्हणून चहा सोडू नका, दूध-साखर सोडा.

मांसाच्या नियमात आपल्याकडे पळवाट आहे. चर्चच्या नियमात मासे हे मांस नव्हे, त्यामुळे शुक्रवारी तळलेलं पापलेट आणि सोबत सोलकढी चालून जाते. कायदा पाळला जातो, पण याला ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’च म्हणतात. गटाने मासेही सोडायचं ठरवलं तर डाळ, भाजी, भाकरी पुरते. दोन लहान जेवणं मिळून एका पूर्ण जेवणाएवढी होऊ नयेत, हे साधं माप. पूर्ण जेवण दुपारी ठेवलं तर संध्याकाळची चिडचिड कमी होते. व्यायाम सोमवार, गुरुवार, शनिवार ठेवा. उपवासाच्या दिवशी जोर-बैठकांचा हट्ट धरणाराच चक्कर येऊन पडतो.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने हे 26 उपवास करू नयेत. दुसरं काही सोडावं. ज्याची साखर उतरते, 70 च्या खाली जाते, त्याने तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी. आजारी माणसाला उपवासातून सूट आहे, आणि परमप्रसादाआधीचा (मिस्सात मिळणाऱ्या पवित्र भाकरीआधीचा) एक तासाचा उपवाससुद्धा औषधाने मोडत नाही. दुसरी धोक्याची जागा दारू. रोज भरपूर पिणाऱ्याने ‘5 जानेवारीपासून बंद’ म्हणून एका रात्रीत थांबू नये. पहिल्या दोन दिवसांत थरथर, फेफरं येऊ शकतं. आधी डॉक्टर, मग अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (दारू सोडणाऱ्यांचा मदतगट), मग हे ॲप.

सर्वांत जास्त मोडतो तो झोपेचा नियम. विरारहून चर्चगेटला जाणारा माणूस प्रार्थनेचा तास झोपेतून कापतो. मग निःशब्द 20 मिनिटांत डुलकी लागते, आणि दोष मात्र सैतानाला. त्याऐवजी रात्रीचा मोबाइल कापावा. गरजेपुरताच मोबाइल हा नियमही ॲपच्या यादीत आहेच. लोकलमधली जपमाळ जरूर करा, पण ती या 20 मिनिटांत धरू नका. गाडीत निःशब्द काहीच नसतं.

आत्मा आणि शरीर यांचं गणित चर्चने वेगवेगळ्या खात्यांत मांडलेलं नाही. 1312 साली फ्रान्समधल्या व्हिएनच्या चर्चपरिषदेने आत्म्याला शरीराचं रूप देणारं तत्त्व म्हटलं. येशूसंघाचा (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियसने 1522-23 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसात उपवासांनी पोट कायमचं बिघडवून घेतलं, आणि पुढे आपल्या येशूसंघीयांना प्रकृतीची काळजी घ्यायला सांगितलं. खाण्याबाबतच्या त्याच्या आठ नियमांतला शेवटचा इथे फार कामी येतो: पुढच्या जेवणाला किती खायचं हे आत्ताचं जेवण झाल्यावर, भूक नसताना ठरवावं. ॲपमधल्या कुठल्याही सूचनेपेक्षा हा सोपा आहे, आणि फुकट.

ॲपची ताकद गटात आहे. एकट्याने केलेल्या एक्सोडसला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जिम चॅलेंजचा वास येतो: वजन किती उतरलं, पाणी किती गार होतं. गटात निदान कुणीतरी विचारतो, बायकोशी कसा वागतोस. हा प्रश्न टाळू नका, कारण बुधवारचा वेगळा स्वयंपाक बहुतेक घरांत तीच करते. उपवास करणाऱ्याने त्या दोन दिवशी स्वतः कुकर लावावा.

पुढची फेरी धरायची असेल तर 2027 चा ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे सुरुवात सोमवार, 28 डिसेंबर 2026. डब्यात नाताळच्या नेवऱ्या उरलेल्या असतील. त्या 27 ला शेजारी पोचवा. 31 डिसेंबर हा चौथा दिवस, तेव्हा पार्टीचं आमंत्रण आधीच नाकारून ठेवा. पहिला शुक्रवार 1 जानेवारीला येतो. तो देवमाता मरियेचा महोत्सव, त्यामुळे चर्चच्या नियमाने त्या दिवशी मांस वर्ज्य नाही.