लाकडाच्या स्टोव्हसाठी स्टीलचं लायनर किट: चार तारे, आणि पाचवा का कापला

विटांचं जुनं धुराडं आणि भिंतीत पाइपासाठी आयतं भोक, एवढं घरात असलं की बिडाचा स्टोव्ह जोडणं म्हणजे तासाभराचं काम वाटतं. आमचे भावजी बांधकामातलेच. त्यांचं म्हणणं, "वहिनी, पाइप आत सारा, भोवती सिमेंट थापा, झालं." मी मात्र सहा इंची लवचिक लायनरचं, म्हणजे धुराड्याच्या आतून वरपर्यंत सोडायच्या धुराच्या नळीचं, किट मागवलं. 316 दर्जाचं स्टेनलेस स्टील, त्यावर गुंडाळायची अर्धा इंच सिरॅमिक लोकर, स्टोव्हचा पाइप लायनरला जोडणारा T आकाराचा टी-जोड, वरची प्लेट आणि टोपी, असं सगळं एका खोक्यात येतं. खोक्यावर यूएल 1777 चा, म्हणजे धुराड्याच्या लायनरसाठीच्या अमेरिकी सुरक्षा मानकाचा, शिक्का आहे का ते बघून घ्या. दिसायला तसंच अॅल्युमिनियमचं लायनरही मिळतं, पण ते काही गॅस उपकरणांपुरतं असतं. लाकडाच्या धुराला ते टिकत नाही.

किट लागतंच कशाला, हे भावजींना हिशोब मांडून दाखवावं लागलं. स्टोव्हमधून धूर बाहेर पडतो त्या सहा इंची तोंडाचं क्षेत्रफळ साधारण 28 चौरस इंच. आमच्या धुराड्याची पोकळी आतून 11 बाय 11, म्हणजे 121. चौपटीच्या वर. अमेरिकेतल्या एनएफपीए 211 या मानकात मर्यादा तिपटीची आहे, आणि धुराड्याची एखादी बाजू घराबाहेर उघडी असेल तर दुपटीचीच. एवढ्या ऐसपैस पोकळीत धूर पसरतो, रेंगाळतो, गार होतो. 120 अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की त्यातली वाफ आणि न जळलेले वायू भिंतीला चिकटतात. हेच क्रिओसोट. सुरुवातीला भुरभुरीत काजळी असते, मग पापुद्रे येतात, आणि शेवटी काळा चकचकीत थर बसतो, तो ब्रशला दाद देत नाही. हा थर पेटला तर आग 1000 अंशांपर्यंत जाऊ शकते. आमच्या धुराड्यात कॅमेरा सोडला तेव्हा आतून बसवलेल्या जुन्या मातीच्या नळ्यांचे दोन सांधे रिकामे दिसले आणि एक नळी उभी तडकलेली. भावजी पडद्याकडे बघत गप्प बसले.

किटमधली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ते लोकरीचं वेष्टण. पुष्कळ जण पैसे वाचवायला तेवढंच वगळतात, ते मला पटत नाही. लायनरमुळे धुराची वाट अरुंद होते खरी, पण धूर वरपर्यंत गरम राहतो तो लोकरीमुळे. आणि विटांना लागून वासे असतील तर त्यांचा बचावही तीच करते. लोकर गुंडाळायची, फॉइलची बाजू बाहेर ठेवून शिवण टेपने बंद करायची, मग वरून स्टीलची जाळी चढवायची. ही जाळी मागून ढकलली की फुगते आणि सरकते, टोकं धरून ताणली की घट्ट आवळते. हे हाताला कळलं की काम भराभर उरकतं. हातमोजे आणि मास्क मात्र हवेतच. वेष्टणासकट बाहेरचा व्यास सात इंचांच्या थोडा वर जातो, त्यामुळे मागवण्याआधी धुराड्यातली सगळ्यात अरुंद जागा मोजा.

आता तक्रारी. टी-जोडाचा आडवा तुकडा भिंतीतल्या भोकातून आत घेऊन पट्ट्याने आवळायचा असतो. त्या पट्ट्याचा स्क्रू अशा बाजूला दिलाय की सरळ पान्याने तो फिरतच नाही. लवचिक दांड्याचा पाना आणावा लागला. ज्याने हा जोड काढला त्याने तो भोकातून हात घालून कधी बसवला नसावा.

दुसरी तक्रार माहितीपत्रकाची, आणि ही जास्त गंभीर आहे. किट भिंतीपाशी संपतं. स्टोव्हपासून भिंतीपर्यंतच्या पाइपाबद्दल "योग्य रीतीने जोडा" एवढंच एक वाक्य! वास्तविक तापलेला उघडा पाइप खोलीत असतो तो इथेच. एकेरी पत्र्याचा पाइप पडदा, लाकूड अशा पेटणाऱ्या वस्तूंपासून 18 इंच लांब हवा. दुहेरी पत्र्याचा असेल तर त्याच्या लेबलवर कमी अंतर दिलेलं असतं. पाइप काळ्या स्टीलचा घ्या. गॅल्वनाइज्ड नको, तापल्यावर त्याच्या जस्ताचा विषारी धूर होतो. प्रत्येक तुकड्याचं चुण्या घातलेलं टोक स्टोव्हच्या दिशेला खाली, म्हणजे ओघळलेलं क्रिओसोट सांध्यातून बाहेर न ठिबकता पुन्हा स्टोव्हमध्ये उतरतं. बघणाऱ्याला हे नेहमी उलटं वाटतं, भावजींनाही वाटलं. दर सांध्याला तीन स्क्रू, आडव्या भागाला फुटामागे पाव इंच चढ, आणि काटकोनी वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. भिंतीत लाकडी चौकट असेल तर भोकाभोवती बारा इंच भरीव वीटकाम लागतं. स्टोव्हच्या स्वतःच्या पुस्तिकेत याहून कडक अंतरं असतील तर तीच पाळायची.

वरची प्लेट आणि टोपी ठीक आहेत. टोपीची जाळी काजळीने बुजते, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

वापरायला मी खूश आहे. पूर्वी स्टोव्हचं दार उघडलं की धुराचा लोट तोंडावर यायचा, आता ओढ चांगली आहे. हंगामाअखेर ब्रश फिरवला तेव्हा कोरडी तपकिरी भुकटीच पडली. यात सुक्या लाकडाचाही वाटा आहे. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला ओलावा मोजते, 20 टक्क्यांच्या वर असेल तर तो परत ढिगात. ब्रश प्लास्टिकच्या केसांचा वापरते, तारेच्या ब्रशने लवचिक लायनरला ओरखडे पडतात. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय, तो किटमध्ये येत नाही. याच धुराड्यात गॅसचा हीटरही सोडू का, असं घरातून विचारणा झाली. एका वाटेला एकच उपकरण, म्हणून नाही सांगितलं.

पाचपैकी चार तारे. पाचवा माहितीपत्रकापायी गेला. धुराडं वाकडं असेल तर हेच घ्या. ओळंब्यात सरळ असेल तर आधी कडक नळ्यांचं लायनर बघा, आतून गुळगुळीत असल्याने ते झाडायला सोपं जातं.